तलाठी की नगरपरिषदेचा कर निरीक्षक? फॉर्म भरण्याआधी

2023 मध्ये दोन्ही जाहिराती एकाच वर्षात आल्या. तलाठ्यांच्या 4644 जागा होत्या, तर महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेच्या 1782, आणि त्यात ‘कर निर्धारण व प्रशासकीय सेवा’ हा संवर्गही होता. कर निरीक्षक म्हणतात तो यातलाच. दोन्हीकडे पदवी चालते, दोन्ही परीक्षा ऑनलाइन. मग बरेच जण दोन्हीकडे फी भरतात आणि जिथे नाव लागेल तिथे जाऊ म्हणतात. परीक्षेपुरतं हे ठीक आहे, पण रुजू झाल्यावर दोन्ही नोकऱ्यांचा दिवस अगदी वेगळा जातो.

खरोखर कर आकारण्याचं आणि वसुलीचं काम करायचं असेल, तर तलाठीपद त्यासाठी फारसं उपयोगाचं नाही. पदाचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं असलं तरी शेतसारा एकराला काही रुपयांतच असतो. मार्चअखेरीस उद्दिष्टासाठी तहसीलमधून फोन येतात हे खरं, पण त्यात मोठा वाटा गौण खनिज (वाळू, मुरूम वगैरे), अकृषिक (शेतीखेरीज वापराच्या जमिनीची) आकारणी आणि दंड यांचा. वाळूच्या गाडीमागे रात्री जावं लागतं तेही यातच आलं, आणि ते काम जोखमीचं आहे. एरवी वर्षभर तलाठी सांभाळतो ती नोंद: सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा एकत्र उतारा), फेरफार (मालकी-हक्क बदलल्याची नोंद). वडील वारले, चार भाऊ आणि दोन बहिणी, वारस नोंदीचा अर्ज आला. एका भावाने बहिणींची नावं गाळून दिलीत, दुसरा हरकत घ्यायला सज्ज. तलाठी फेरफार धरतो, नोटिसा काढतो, हरकतींची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी निर्णय देतात. पण गावात बोल लागतो तलाठ्यालाच. त्यात अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुकीचं काम आणि ‘सर्व्हर डाउन आहे’ हे दिवसातून कितीदा तरी सांगणं.

कर निरीक्षकाचं काम याउलट थेट पैशाचं. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि खरी कला तिथे लागते. वार्षिक भाडेमूल्यावर आकारणी असेल तर त्यातून 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य निघतं. म्हणजे भाडेकरू ठेवलाय की नाही, हा कळीचा मुद्दा. टेप घेऊन वरच्या मजल्यावर जावं तर वेगळा गॅस, वेगळा दरवाजा, दोरीवर कुणाचे तरी कपडे. आणि घरमालक शांतपणे सांगतो, ‘पाहुणे आहेत.’ त्यांची नोंद कशी करायची हे पुस्तकात नाही, जुन्या निरीक्षकासोबत फिरूनच कळतं. मग विशेष नोटीस, हरकती, सुनावणी.

जानेवारी ते मार्च मात्र सुट्टी विसरा. बिल, मागणी नोटीस, जप्तीचं अधिपत्र असा क्रम. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते आणि लोक मूळ करापेक्षा तिच्यावरच जास्त भांडतात. गाळ्याला सील लावायला गेलं की पाच मिनिटांत नगरसेवकाचा फोन येतो. आवाज न चढवता ‘साहेब, निम्मी रक्कम आज भरायला सांगा’ एवढं म्हणता आलं पाहिजे. ज्याला हे जमत नाही, त्याला ही नोकरी दोन मार्चमध्ये नकोशी होईल.

बढतीचा रस्ता तलाठ्याचा अधिक स्पष्ट आहे: दुय्यम सेवा परीक्षा, महसूल अर्हता परीक्षा, मंडळ अधिकारी, पुढे नायब तहसीलदार. वेळ लागतो, पण पुढची पायरी कोणती हे दिसतं. नगरपरिषदेत श्रेणी क, ब, अ अशा पायऱ्या. शहर लहान असेल तर कर विभागासोबत आस्थापना, जन्म-मृत्यू नोंद, अतिक्रमण असं काहीही गळ्यात पडतं. पगाराची तुलना मी मुद्दाम करत नाही. केवळ वेतनश्रेणीवरून निवडावं इतका तो मुद्दा मोठा नाही.

मागे कृषी पदविका किंवा बारावीचे चांगले गुण असतील तर ग्रामसेवकाचाही (पदाचं नाव आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’) विचार होतो. घरपट्टी तिथेही आहे, नमुना 8 आणि 9 (कर आकारणीची आणि मागणीची नोंदवही) तिथेही आहेत. पण सुरुवातीची तीन वर्षं कंत्राटी, आणि कर हा त्या पदाच्या पन्नास कामांतला एक.

राज्यकर निरीक्षक हे पद या तुलनेत येत नाही. ते एमपीएससीतून भरलं जातं आणि जीएसटी पाहतं. क्लासवाले सगळं एकाच फलकावर लिहितात, म्हणून सांगितलं.

राहिला बदलीचा प्रश्न, आणि घरच्यांसाठी बहुधा हाच पहिला असतो. तलाठ्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात, आस्थापना उपविभागाची. अर्ज करताना जिल्हा निवडला की साधारण तिथलेच सजे, म्हणजे तलाठ्याकडची गावं. नगरपरिषदेचा संवर्ग राज्यस्तरीय, त्यामुळे भंडाऱ्याचा उमेदवार सावंतवाडीतही जाऊ शकतो. घरी शेती आणि म्हातारे आईवडील असतील तर मी तलाठीपदच सुचवेन, कर आकारणीची कितीही आवड असली तरी. घरचं असं बंधन नसेल आणि आकडेमोड व माणसं दोन्ही आवडत असतील, तर नगरपरिषद. पसंतीक्रम भरण्याआधी एखाद्या फेब्रुवारीत जवळच्या नगरपरिषदेच्या कर विभागासमोर तासभर बसून या.