आईवडिलांच्या कपाटातली जुनी पासबुकं आणि रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल

आईवडिलांच्या पश्चात घर आवरायला घेतलं की भांड्यांचा आणि कपड्यांचा निर्णय एकवेळ होतो, पण कागदांपाशी हात अडतो. गोदरेजच्या कपाटातला चोरकप्पा, फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राची खालची बाजू, पोथीची पानं, साड्यांच्या घड्या, एलआयसीच्या डायऱ्या, अशा सगळ्या जागी पावत्या ठेवलेल्या असतात. जुनी कालनिर्णयंही चाळावीत. एफडीची मुदत कधी संपते हे अनेक घरांत त्या तारखेच्या चौकोनातच लिहिलेलं असतं.

या ढिगातून निघणाऱ्या बंद पासबुकांसाठी रिझर्व्ह बँकेने 17 ऑगस्ट 2023 रोजी 'उद्गम' हे बेवारस ठेवी शोधण्याचं पोर्टल सुरू केलं. ते फुकट आहे आणि सरळ आहे. त्यात 30 बँका आहेत, आणि बेवारस ठेवींच्या निधीतली सुमारे 90 टक्के रक्कम याच बँकांची आहे. सेवा चांगली आहे, जरूर वापरावी. मात्र कपाट नीट तपासून मग बसलात तरच ती उपयोगी पडते, कारण शोधायला लागणारे तपशील त्या कागदांतच असतात.

सर्वांत मोठा गैरसमज आधी काढू. गेल्या वर्षापर्यंत वडील वापरत होते ते खातं इथे दिसणार नाही. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, पण रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते ती दहा वर्षांनंतर, आणि 'उद्गम' फक्त तेवढंच दाखवतं. 'काही सापडलं नाही' असं आलं म्हणजे पैसे नाहीत असं समजून पासबुक रद्दीत टाकू नका. अलीकडच्या खात्यांसाठी आयकराच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा आणि त्यांचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडा. व्याज आणि लाभांश कुठून आला ते तिथे नावानिशी दिसतं.

नोंदणी पाच मिनिटांत होते: स्वतःचा मोबाइल, नाव, पासवर्ड, ओटीपी. मग खातेदाराचं नाव, सर्व बँकांची निवड, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी किमान एक गोष्ट. शोध फसतो तो इथेच. 1980 च्या दशकातल्या खात्याला पॅन जोडलेलाच नसतो, मग हाती उरते ती जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून लिहिलेले लोक घरोघरी आहेत. म्हणून शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख, दोन्ही घालून पाहा.

आईच्या खात्याला जास्त वेळ द्या. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं नाव वडिलांच्या नावासकट आणि सासरचं नाव नवऱ्याच्या नावासकट, असे दोन वेगळे शोध करा. आडनाव आधी की शेवटी, मधलं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हेही बदलून बघा. लक्ष्मी इंग्रजीत 'एक्स'ने लिहिलंय की 'केएसएच'ने, एवढ्याशा फरकानेही नोंद हुकते. पासबुकावर जसं छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर, पहिल्यांदा टाकावं.

पासबुकावरची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर घाबरू नका, पैसे बुडालेले नसतात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये, तर बँक ऑफ कराड 1994 मध्येच बँक ऑफ इंडियात. देना बँक 2019 पासून बँक ऑफ बडोदा आहे. 2020 मध्ये सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन युनियन बँकेत आणि अलाहाबाद इंडियन बँकेत विलीन झाली. दावा आजच्या बँकेकडे करायचा.

नोंद सापडली की बँकेचं नाव आणि यूडीआरएन हा बेवारस ठेवीचा संदर्भ क्रमांक मिळतो. रक्कम कळत नाही, आणि पैसेही पोर्टलवरून मिळत नाहीत. तो क्रमांक घेऊन शाखेत जायचं. बँक आपल्याला पैसे देते आणि नंतर निधीतून वसूल करते. मोठ्या आकड्याची आशा मात्र धरू नये. निधीत गेलेल्या व्याजी खात्यावर 11 मे 2021 पासून 3 टक्के सरळव्याजच मिळतं.

नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र पुरतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती सुरुवातीलाच काढून ठेवा. नॉमिनीला पैसे मिळतात ते सर्व वारसांच्या वतीने, हे भावंडांत आधीच बोलून घेतलेलं बरं. नॉमिनी नसेल तर इंडेम्निटी बाँड (नुकसान भरून देण्याची लेखी हमी), दावा न करणाऱ्या वारसांची ना-हरकत आणि वारस असल्याचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र लागतं. रिझर्व्ह बँकेच्या 26 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार 15 लाखांपर्यंतच्या अशा दाव्याला (सहकारी बँकेत 5 लाख) कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागता येत नाही. कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत निकाल द्यायचा, उशीर बँकेमुळे झाला तर बँक रेट (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो व्याजदर) अधिक वर्षाला 4 टक्के भरपाई. हे निर्देश लागू करायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत होती. काउंटरवर जुने नियम सांगितले गेले तर निर्देशांची प्रत पुढे ठेवा आणि अर्जाची तारखेसह पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आता उणीव, आणि मराठी घरांसाठी ती मोठी आहे. पतपेढ्या इथे नाहीत, बहुतेक नागरी सहकारी बँका नाहीत, पोस्ट नाही. आपल्या आईवडिलांचा पैसा तर बऱ्याचदा तिथेच असतो. यादीत नसलेल्या बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बेवारस ठेवींची यादी नाव-पत्त्यासह असते, ती बघा. पोस्टात आणि पतपेढीत पासबुक घेऊन स्वतःच जावं लागतं. म्युच्युअल फंडांसाठी 'मित्रा', विम्यासाठी 'बीमा भरोसा', सात वर्षं लाभांश न घेतलेल्या शेअरसाठी आयईपीएफ हा सरकारी निधी, असे वेगळे दरवाजे आहेत. हे सगळं एका ठिकाणी यायला हवं. दुःखात असलेल्या माणसाला पाच संकेतस्थळं हिंडायला लावणं बरोबर नाही.

टक्केवारीवर पैसे काढून देतो म्हणणाऱ्यांना कागद दाखवू नका. पोर्टलचा पत्ता 'आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' नेच संपतो, एवढं तपासा. आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढताना कोपऱ्यातला पेनाने लिहिलेला लेजर फोलिओ (बँकेच्या खातेवहीतलं पान) क्रमांक नीट येतोय ना ते पाहा. संगणकापूर्वीचं खातं शाखेत शोधायला तोच आकडा कामी येतो.