'मिसेस मेझल': तिसरा सीझन की चौथा?

मिज नावाच्या स्टँड-अप कॉमेडियन बाईची ही अमेरिकन मालिका; तिचा कोणता सीझन सरस, यावरून आमच्या इंदूरच्या घरात कायम वाजतं. ताई तिसऱ्याची (२०१९) भक्त: गायक शाय बाल्डविनसोबत मिजचा दौरा, लास वेगास, मायामी, कपड्यांचा थाट. मला तो थाटच खुपतो. त्यात गोष्ट पुढे सरकतच नाही. शेवट मात्र जबरदस्त! अपोलो थिएटरच्या स्टेजवर मिज गंमतीगंमतीत शायचं गुपित जवळपास फोडते आणि विमानतळावरच तिचा पत्ता कट होतो.

चौथा (२०२२) सुरुवातीला रेंगाळतो, कबूल. पण स्ट्रिप क्लबचं सूत्रसंचालन करताना ती खरी खुलते. इथल्या सानंद संस्थेची मराठी नाटकं पाहणाऱ्यांना ती विंगेतली धांदल लगेच आवडेल. शिवाय रिकाम्या कार्नेगी हॉलमध्ये कॉमेडियन लेनी ब्रूस तिला, आयती संधी नाकारली म्हणून, जे झापतो! माझं मत चौथ्यालाच. ताईने खुशाल वेगास बघावं.