कॅम्पातली खाकी पिशवी आणि कणकुंबीचं रान

बेळगावच्या वडगावात आमचे कापड विणायचे चार लूम आहेत. महिन्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या दिवशी मी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रानात जातो. पक्षी बघायचे, दुपारी ओढ्याकाठी भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी यायचं, हा माझा सहा वर्षांचा नेम. एवढ्या एका दिवसाला पाठीवरची भली मोठी सॅक जड होते. दोन वर्षांपूर्वी कॅम्पातल्या, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणीतल्या, जुन्या मिलिटरी सामानाच्या दुकानातून खांद्याला लावायची एक खाकी पिशवी घेतली, साडेतीनशे रुपयांना. तिच्यासोबत वीसेक खेपा झाल्यात. आता तिच्याबद्दल खात्रीनं लिहितो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळं घरटी नाही तरी गल्लीत एक तरी फौजी निघतोच. आमच्या गल्लीतले सुभेदार काका सोबत आले होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. कांबळी, मच्छरदाण्या, बूट, जेवणाचे डबे, सगळं एकावर एक. दुकानदार म्हणाले, "पिशव्या त्या कोपऱ्यात हाईत. सगळा ढीग उचकटून बघा की, घाई काय नाही." मी तासभर उचकटलं, तरी ते एकदाही कुरकुरले नाहीत. भाव मात्र ठरलेला नसतो, पावती मिळत नाही आणि घेतलेला माल परत होत नाही. म्हणून जे बघायचं ते तिथंच उभं राहून बघायचं.

मी विणकर आहे, त्यामुळं माझा हात आधी कापडावर जातो. या पिशवीचं कापड म्हणजे जाड सुती कॅनव्हास. उभ्याला दोन-दोन धागे जोडीनं आणि आडवा एकेरी, गच्च ठोकलेला. नखानं सरकवून बघितलं तर धागा हलत नाही. पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली, कुठं टाचणीएवढंही भोक दिसलं नाही. आतल्या कडेचा एक सुटा धागा दुकानदारांना विचारून तोडला आणि दारात जाऊन काडीनं पेटवला. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत विरून गेली. म्हणजे शुद्ध सूत. नायलॉन किंवा पॉलिस्टर असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. शेवटी पिशवीत नाक घालून वास घेतला. कुबट वास आला तर ती घेऊ नका. बुरशी एकदा धाग्यात शिरली की कितीही धुवा, कापड आतून कुजत राहतं.

पट्टा नवारीचा, म्हणजे खाटेला लावतात तसल्या जाड विणलेल्या सुती पट्टीचा, चार बोटं रुंद. बकलं पितळी, आणि पट्ट्याच्या टोकाला पितळेचा पत्रा दाबून बसवलेला, म्हणजे नवार उसवत नाही. या घडणीची मुळं जुनी आहेत. इंग्रजांनी 1937 साली पायदळासाठी नवारीच्या सामानाचा एक संच ठरवला, त्यात अशीच छोटी चौकोनी पिशवी होती. दुसऱ्या महायुद्धात तो संच हिंदुस्थानातही तयार व्हायचा. माझी पिशवी त्या वेळची आहे असा माझा दावा नाही, शिक्का पुसून गेलाय. पण शिपायाला दिवसभर जेवढं लागतं तेवढंच मावेल, हा त्या मापातला विचार तिच्यात तसाच उतरलाय. मी पट्टीनं मोजली: रुंदी 28 सेंटिमीटर, उंची 25, खोली 11. एक लिटरची बाटली, भाकरी-झुणक्याचा डबा, दुर्बीण, वही, बॅटरी, दोरी, मलमपट्टी आणि एक पंचा. एवढं नीट बसतं. वर एक संत्रं कोंबलं तर झाकणाचा पट्टा बकलापर्यंत पोचत नाही.

या पिशवीआधी मी ऑनलाइन एक "मिलिटरी" पिशवी मागवली होती. दिसायला झकास. चोर्ला घाटाच्या चढावर प्लास्टिकचं बकल तुटलं आणि डबा घरंगळत खाली गेला. घरी येऊन धागा जाळून बघितला तर मणी झाला. रंग सोडला तर मिलिटरीचं त्यात काही नव्हतं. त्या विक्रेत्यानं फोटोखाली कापडाचं नाव सुती म्हणून घातलेलं, याचा मला आजही राग येतो. आम्ही सुतावर पोट भरतो, आम्हाला असं फसवलेलं लागतं.

खरी पिशवी कुठं कामाला आली ते सांगतो. मागच्या जानेवारीत कणकुंबीला माउली देवीचं दर्शन घेतलं, मलप्रभा उगम पावते ते कुंड बघितलं आणि पारवाडच्या बाजूला चालायला लागलो. बरोबर माझा मावसभाऊ, त्याच्या पाठीवर सॅक. एका फळांनी लगडलेल्या वडावर कवड्या धनेशाची जोडी उतरली. धनेश येताना पंखांचा आवाज लांबून येतो, पण झाडावर बसला की हालचाल बघून क्षणात उडतो. मी कोपरानं पिशवी पोटावर ओढली आणि नजर वडावरून न हलवता अंगठ्यानं बकलातून पट्टा सरकवला. नवार पितळेतून सुटताना आवाज होत नाही. दुर्बीण डोळ्याला लावली तेव्हा नर चोचीत एक वडफळ धरून मान मागं टाकत होता. फळ घशात गेलेलं मला दिसलं. मावसभावानं सॅक उतरवून तिची चिकटपट्टी (वेल्क्रो) चर्रकन उघडली, आणि जोडी गेली. चालता चालता, पिशवी न उतरवता हात आत घालता येणं, माझ्यासाठी याच्याएवढा मोठा गुण दुसरा नाही.

मात्र ती घालायची कशी ते शिकावं लागतं. पहिल्या दोन खेपांना मी ती एकाच खांद्यावर लोंबती ठेवली आणि रात्री मान आखडली. सुभेदार काकांनी पट्टा आखूड केला, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला तिरका घातला आणि पिशवी कमरेच्या हाडाच्या जरा वर बसवली. "खाली लोंबली की मांडीवर आपटतीया. पावलागणिक मार बसतोय बघ," म्हणाले. चढावर ती पुढं झुलू नये म्हणून एक सुती नाडी तिच्या मागच्या कडीतून कमरेला बांधायची. पत्र्याचा डबा आणि बाटली एकमेकांवर वाजतात, मध्ये पंचा घालायचा. एवढं करूनही साडेतीन किलोच्या वर वजन नेऊ नका. एका खांद्याचं सामान आहे, मुक्कामाचं नाही.

पावसाळ्यात मी ती नेत नाही. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतल्या फटी बंद होतात, त्यामुळं हलक्या सरीला आतलं कोरडं राहतं. पण कणकुंबीचा पाऊस सरींचा नसतो. एका जुलैत पिशवी इतकी भिजली की घरी तराजूवर घातली तर रिकामी पिशवी जवळजवळ दुप्पट भरली, आणि वाळायला तीन दिवस लागले. नंतर झाकणावर साधी मेणबत्ती घासली आणि कागद ठेवून वरून इस्त्री फिरवली. मेण कापडात मुरलं. आता दव आणि ऑक्टोबरची भुरभुर सोसते. पूर्ण पिशवीला मेण लावू नका, कापड श्वास घेत नाही आणि उन्हात हाताला चिकटतं. ओढ्याकाठी जळवा असतात, म्हणून पुढच्या खिशात निपाणीच्या तंबाखूची पूड एका चिंधीत बांधून ठेवतो. मोज्यांच्या काठाला चोळली की जळू वर चढत नाही.

आणखी एक. दुकानात ठिपक्या-ठिपक्यांच्या लढाऊ रंगाचा मालही टांगलेला असतो, पोरांना तोच आवडतो. तो घेऊ नका. 2022 च्या लष्कर दिनी जो नवा गणवेश आला त्याची नक्षी सेनेनं स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलीय, आणि आपल्यासारख्या छावणीच्या गावात तसलं अंगावर मिरवणं बरं दिसत नाही. सुभेदार काका तर त्या टांगलेल्या कपड्यांकडं बघतही नव्हते. साधी खाकी किंवा शेवाळी घ्या. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. तिथं गवे आहेत, अस्वलं आहेत.

परवा पुन्हा त्या दुकानात गेलो होतो, थोरल्या मुलीला आता माझ्यासोबत यायचंय म्हणून. ढिगात तिच्या मापाची एक मिळाली. कापड उत्तम, वासही नाही, फक्त झाकणाच्या एका कोपऱ्याची शिवण उसवलेली. दुकानदारांनी तीनशे सांगितले, अडीचशेला दिली. शिवण मी घरीच घातली, मेण लावलेल्या दुहेरी सुतानं. वीज बंदची तारीख अजून पेपरात आलेली नाही, पण तिनं दुर्बीण आत्ताच आपल्या पिशवीत भरून ठेवलीय.