ढेकणांवर ऊन, वाफ की तापवलेली खोली?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर गेला की गच्च्यांवर गाद्या दिसायला लागतात. एवढ्या उन्हात ढेकूण आपोआप मरतील, ही समजूत अर्धीच खरी. ४५ अंशांना मोठा ढेकूण साधारण दीड तासात मरतो, पण त्याच तापमानाला अंडी संपवायला सात तास लागतात. ४८ अंशांना अंड्यांना सव्वा तास पुरतो आणि ५५ च्या वर काही मिनिटं. म्हणजे बाहेर किती तापलंय यापेक्षा अंडं जिथे चिकटलंय तिथे किती तापलं, हे महत्त्वाचं.

कापसाची जाड गादी इथेच फसवते. वरून हात लावला तर चटका बसतो, आत मात्र गारवा असतो आणि ढेकूण खालच्या शिवणीत सरकतात. गोधड्या, चादरी, कपडे यांचं तसं नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे थोडे, सैलसर भरायचे, तोंड घट्ट बांधायचं आणि तापलेल्या स्लॅबवर सकाळी दहापासून चारपर्यंत ठेवायचं, मध्ये एकदा पिशवी उलटायची. जमलं तर मधोमध एक थर्मामीटर ठेवा. फुकटात याहून चांगला उपाय नाही. श्रावणात मात्र याच्या भरवशावर राहू नका.

पत्र्याची खोली बंद ठेवून तापवण्याचा प्रकारही लोक करतात. पत्र्याखाली भट्टी होते हे खरं, पण जमिनीलगत आणि भिंतीच्या फटीत तेवढं तापत नाही. ढेकूण तिकडेच जातात.

बाज असेल तर उकळतं पाणी. सुतळीच्या गाठींवर आणि पायांच्या खाचांत ते लगेच, अगदी उकळतं असतानाच पडलं पाहिजे. बादलीतून अंगणात नेईपर्यंत निम्मा जोर जातो. लोखंडी पलंगाच्या पोकळ पाइपमध्येही ओतता येतं. प्लायवूडच्या दिवाणावर नको, तो फुगतो.

दिवाण, गादीच्या शिवणी आणि चौकटींच्या फटींसाठी माझं मत वाफेच्या मशीनला. निमुळत्या नळीतून जोरात वाफ मारली की ढेकूण मरण्याऐवजी उडून दुसरीकडे पडतात, म्हणून तोंडाला रुंद ब्रश लावायचा, त्यावर जुना पंचा गुंडाळायचा आणि इंच इंच सरकायचं. विजेच्या बोर्डापासून लांब. वाफ जिथे पोहोचली तिथलं अंडंही वाचत नाही. नंतर गादी पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरेल.

हीटर आणि पंखे लावून अख्खी खोली ५० ते ६० अंशांवर कित्येक तास ठेवणारी सेवा सगळ्यात खर्चिक. सिमेंटचा बंदिस्त फ्लॅट असेल, सामान जास्त असेल, तर विचार करा. धाब्याच्या जुन्या घरात मी पैसे घालणार नाही: जाड मातीच्या भिंती उष्णता पीत राहतात आणि फटी थंडच राहतात. वीज मध्येच गेली तर सगळं मुसळ केरात. तरीही बोलावलंत, तर गादीच्या पोटात आणि कपाटामागे तापमापक लावणार का, हे आधी विचारा. नुसतं खोलीच्या हवेचं तापमान दाखवणाऱ्याला परत पाठवा.

रॉकेल किंवा पेटता बोळा यांचा विचारही नको. उष्णतेचा असर मागे उरत नाही; पुढच्या पाहुण्याच्या बॅगेतून नवे ढेकूण येऊ शकतात. सुटलेली अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून वाफेचा दुसरा हात दोन आठवड्यांच्या आत फिरवा.