संसर्ग नियंत्रण प्रशिक्षण : हातांचा धडा उत्तम, सफाईचा उरकलेला

परिचारिका, निवासी डॉक्टर आणि सफाई कर्मचारी यांच्यासाठी आमच्या रुग्णालयाने बाहेरच्या एका संस्थेकडून संसर्ग नियंत्रणाचे प्रशिक्षण घेतले आणि वॉर्डची जबाबदारी माझ्याकडे असल्याने मीही त्याला पूर्ण वेळ बसले. अशा कार्यक्रमांत बहुधा स्लाइड्स दाखवून हजेरीच्या सह्या घेतल्या जातात. येथे तसे झाले नाही.

सर्वाधिक वेळ हातांच्या स्वच्छतेला दिला गेला आणि तो सत्कारणी लागला. अतिनील प्रकाशात चमकणारे द्रावण प्रत्येकाने नेहमीच्या सवयीने हातांना चोळल्यावर हात दिव्याखाली धरायला सांगितले, तेव्हा तळवे लख्ख उजळले, पण अंगठ्याची मागची बाजू, नखांच्या कडा आणि अंगठीखालची जागा काळीच राहिली. हँड रबसाठी (पाण्याशिवाय हातांना चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावणासाठी) 20 ते 30 सेकंद आणि साबण-पाण्यासाठी 40 ते 60 सेकंद हे आकडे तक्त्यावर सर्वांनीच वाचलेले असतात. घड्याळ लावून हात चोळताना मात्र तेवढा वेळ भलताच लांब वाटतो. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, म्हणून त्याची लागण झालेल्या रुग्णाची शुश्रूषा केल्यावर हात साबण-पाण्यानेच धुवायचे, हेही कारणासह समजावले.

हात नेमके केव्हा स्वच्छ करायचे, याच्या जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच वेळा खाटेवर पुतळा ठेवून करून घेतल्या. त्यांतली पाचवी, म्हणजे रुग्णाला हात न लावता केवळ खाटेचा कठडा किंवा सलाईनचा पंप हाताळल्यानंतरची, बहुतेकांकडून निसटली. हातमोजे काढल्यावरही हात स्वच्छ करावे लागतात, यावर प्रशिक्षकांनी दिलेला भर योग्यच होता. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हा भाग थोडक्यात पण नेमका झाला.

सफाईच्या सत्राने मात्र निराशा केली. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे पाण्यातले प्रमाण फळ्यावर लिहिले. परंतु प्रत्यक्ष बादलीत मोजून ते करून घेतले नाही आणि द्रावण पृष्ठभागावर ठरलेला वेळ ओले राहिले पाहिजे, हा कळीचा मुद्दा ओझरता उल्लेखून सोडून दिला. रोज फडके ज्यांच्या हातात असते, त्यांच्यासमोर इतकी तांत्रिक भाषा वापरण्याचे कारण मला उमगले नाही. मागच्या रांगेतून एकही प्रश्न आला नाही, याचा अर्थ सर्व समजले असा प्रशिक्षकांनी खुशाल घेतला.

शेवटची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असल्याने ती सहज सुटते, पण वॉर्डातली सवय बदलली की नाही, हे त्यातून कळत नाही. काही आठवड्यांनी येऊन निरीक्षण करण्याची सोय ही संस्था देते, मात्र त्याचे शुल्क वेगळे आहे. माझ्या मते ते मूळ शुल्कातच असायला हवे होते. तरीही हातांच्या प्रात्यक्षिकासाठी या संस्थेला जरूर बोलवावे. फक्त सफाईचे सत्र वॉर्डातच, बादली आणि फडके घेऊन होईल, ही अट करारात आधीच लिहून घ्यावी.