फोटोंच्या कामासाठी लिनक्स पीसी: नवरात्र ते लग्नसराई, वापरून झाल्यावर

नवरात्राच्या तोंडावर हा पीसी जोडून घेतला, आता लग्नसराई ओसरत आली आहे. रायझन 7 7700, 64 जीबी रॅम, 12 जीबी मेमरीचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, दोन एनव्हीएमई एसएसडी. वर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि फोटो एडिटिंगसाठी डार्कटेबल. पैसे वाचवायचे असतील तर प्रोसेसरमध्ये वाचवा, ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत नको, हे आता खात्रीने सांगतो.

डार्कटेबल फोटोवर काम करताना प्रत्येक पिक्सेलमागे 16 बाइट धरतं. म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या एका रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फोटोची एक प्रत 384 एमबी! मॉड्यूलला, म्हणजे एडिटिंगच्या एकेका साधनाला, अशा दोन प्रती तरी लागतातच, जड मॉड्यूलला कितीतरी जास्त. कार्डात जागा पुरली नाही की फोटोचे तुकडे पाडून काम होतं आणि वेग पडतो. आपल्या बडोद्याचा गरबा म्हणजे रात्र, धूळ आणि 6400 आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता), म्हणजे फोटोत दाणेदार नॉइज. त्यावर नॉइज काढून ‘डिफ्यूज ऑर शार्पन’ हे जड मॉड्यूल लावलं की नुसत्या प्रोसेसरवर एक्सपोर्ट रखडतो. कार्ड मदतीला असलं की पुढचा फोटो निवडेपर्यंत आधीचा तयार. कार्ड खरंच वापरलं जातंय का, ते टर्मिनलमध्ये ‘डार्कटेबल-सीएलटेस्ट’ (darktable-cltest) चालवून बघा. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर हवा. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरच्या सहीची ‘की’ नोंदवावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा खर्च मॉनिटरचा, आणि तो मनापासून करा. एलईडीच्या झगझगाटात लाल चणियाचोळीचा लाल रंग फुटतो, त्यातले आरसे आणि भरतकाम एका सपाट डागात बुडतं. कॅलिब्रेट न केलेल्या (रंग मोजून जुळवून न घेतलेल्या) स्क्रीनवर तो डाग फोटोतला की मॉनिटरचा, हेच कळत नाही. आर्गिल हे सॉफ्टवेअर आणि कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) वापरून मॉनिटरचं रंगांचं प्रोफाइल केल्यावर हिरव्या शालूची जर, हळदीचा पिवळा, सगळं अल्बममध्ये स्क्रीनसारखं उतरतंय. एक्स11 (लिनक्सची स्क्रीनवर चित्र दाखवणारी जुनी व्यवस्था) सेशनमध्ये प्रोफाइल व्यवस्थित लागतं.

अडोबीचं फोटो एडिटिंगचं लाइटरूम लिनक्सवर येत नाही, आणि डार्कटेबलची पद्धत निराळी असल्याने हात बसायला वेळ लागतो. तो द्या. केलेलं सगळं एडिटिंग रॉ शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतं, त्यामुळे रात्री आरसिंक या फाइल-कॉपीच्या प्रोग्रामने बॅकअप घेताना बदललेल्या तेवढ्याच फाइली जातात.

कॅबिनेट मात्र जाळीच्या फिल्टरचंच घ्या. मे महिन्याच्या उन्हाळ्यात फिल्टर धुळीने भरला की पंखे ओरडायला लागतात, आणि तो काढून झटकला की लगेच शांत होतात.