मँडरिन शाळेच्या अर्जातला मातृभाषेचा रकाना

माझी लेक आणि जावई दोन वर्षांपूर्वी बेळगावहून कॅलिफोर्नियाला गेले, तेव्हा नात तीन वर्षांची होती. गेल्या हिवाळ्यात तिला तिथल्या सरकारी शाळेच्या मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषेच्या, वर्गात घालायचे ठरले. तिचा जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड माझ्याच कपाटात असल्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीत बसून मीही त्या अर्जाच्या खटपटीत ओढला गेलो. खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत मी एकतीस वर्षे पटावर नावे चढवली आहेत, त्यामुळे दुसऱ्यांची प्रवेशप्रक्रिया पाहताना नजर आपोआप रकान्यांकडे जाते. आपल्या भागातली बरीच कुटुंबे आता तिकडे आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. शाळेचे आणि शाळा-जिल्ह्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

या वर्गांना तिकडे इमर्शन म्हणतात. मँडरिन हा तासाभराचा विषय नसून गणित आणि विज्ञानही त्याच भाषेतून शिकवतात. युटा राज्याने 2008 साली कायदा करून ही योजना उचलून धरली आणि तिथे निम्मा दिवस इंग्रजीचा व निम्मा परभाषेचा असतो. इतर काही ठिकाणी सुरुवातीला ऐंशी-नव्वद टक्के वेळ मँडरिनला देऊन पुढे तो कमी करत नेतात. आमच्या अर्जातली शाळा दुसऱ्या प्रकारची होती. बेळगावकराला यात नवल वाटणार नाही, कारण कन्नड शाळेत बसवलेले मराठी मूल वर्षानुवर्षे हेच करत आले आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की मँडरिन वर्गातल्या बहुतेक मुलांना काहीच कळत नाही हे बाई धरूनच चालतात, म्हणून हातवारे, चित्रे आणि वस्तू घेऊन शिकवतात. आपल्याकडे न कळणारे मूल वर्गात एकटेच असते आणि ते मठ्ठ ठरते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली त्यांच्या दाव्यात सांगितले. त्याच प्रदेशात आता इंग्रजी बोलणारे पालक चिनी वर्गासाठी रांग लावतात.

अर्जाची चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर चांगली आहे. शुल्क नाही, देणगी नाही, मुलाची मुलाखत नाही आणि पालकांची तर नाहीच. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने देणगी आणि मुलाखत या दोन्हींना मनाई केलेली असूनही साडेतीन वर्षांच्या पोराला ‘हा रंग कोणता’ असे विचारणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तिकडे फॉर्म ऑनलाइन असतो, अर्धा भरून ठेवता येतो आणि प्रत्येक रकान्याखाली तो कशासाठी आहे हे सोप्या शब्दांत लिहिलेले असते. एक माहितीसभा मात्र सक्तीची होती. मूल पाचवीपर्यंत याच वर्गात ठेवू, अशी सही तिथे घेतली गेली, आणि ते योग्यच आहे, कारण पहिलीनंतर रिकामी झालेली जागा मँडरिन न येणाऱ्या मुलाने भरता येत नाही. इंग्रजीभाषक प्रौढाला मँडरिन कामापुरती येण्यासाठी सुमारे 2200 तास वर्गात बसावे लागते, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा हिशेब आहे; तेव्हा दोन वर्षांत कंटाळून मूल काढून घेणाऱ्यांनी इकडे न वळलेलेच बरे.

आम्ही अडखळलो ते भाषेच्या प्रश्नावलीपाशी. कॅलिफोर्नियात शाळेत नाव घालताना प्रत्येक पालकाला चार प्रश्न विचारतात : मूल प्रथम कोणत्या भाषेत बोलू लागले, घरी ते बहुधा कोणती भाषा बोलते, पालक त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात आणि घरातली मोठी माणसे आपसांत कोणती भाषा वापरतात. पहिल्या तीनपैकी एकाही उत्तरात इंग्रजी सोडून दुसरी भाषा आली, तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते. सकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेपाचला, व्हिडिओवर लेक म्हणाली, “बाबा, इंग्रजीच लिहूया की. उगीच कशाला चाचणीचं लचांड?” मी काही क्षण बोललोच नाही. शिरगणतीपासून रेशनकार्डापर्यंत मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते आहे हे पेन धरणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहणाऱ्या घरात ती वाढली आहे. मग तिनेच यादी खाली सरकवत नेली, मराठी सापडली आणि चारही ठिकाणी तेच निवडले.

खरी गंमत पुढच्या पानावर होती. मँडरिन वर्गातल्या, सोडतीने मिळणाऱ्या जागा दोन वाट्यांत विभागलेल्या होत्या : एक घरी मँडरिन बोलणाऱ्यांचा, ज्यात मुलाची तोंडी परीक्षा होते, आणि दुसरा ‘इंग्रजीभाषकांचा’. तिसरा वाटाच नव्हता. म्हणजे भाषेच्या प्रश्नावलीप्रमाणे आमची नात इंग्रजी न येणारी, आणि सोडतीच्या यादीप्रमाणे इंग्रजीभाषक. मी लेकीला कार्यालयात विचारायला लावले. तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितले, की ‘इंग्रजीभाषक’ याचा अर्थ मँडरिन न येणारे असा घ्यावा. मग तसेच लिहायला काय हरकत होती, हे मला अजून उमगलेले नाही.

सोडत संगणकाने होते. शाळेत आधीपासून असलेल्या मुलांच्या भावंडांना अग्रक्रम असतो, आणि बाकीच्यांच्या नशिबात कुणाची ओळख कामाला येत नाही. फेब्रुवारीत प्रतीक्षा यादीत अकरावा क्रमांक आला, मेमध्ये तो सातवर आला आणि जूनमध्ये पुन्हा नऊ झाला. उशिरा अर्ज केलेली भावंडे यादीत वरच्या बाजूला घुसवतात, असे चौकशी केल्यावर कळले. नियम वाईट नाही, पण माहितीसभेत दीड तास बोलणाऱ्यांनी हे एक वाक्य सांगायला हवे होते. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होऊन तीन दिवस झाल्यावर फोन आला आणि उत्तर द्यायला चोवीस तास मिळाले. जागा मिळाली.

बेळगावात जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी लसीकरणाकडे मात्र आधीच लक्ष द्यावे. किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, तिथे पोलिओ, त्रिगुणी, कावीळ ब, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्या या लसी लागतात, आणि श्रद्धेच्या कारणाने सूट मागण्याची वाट 2015 च्या कायद्याने बंद झाली आहे. आपल्या सरकारी दवाखान्यात एमएमआरऐवजी एमआर देतात, म्हणजे त्यात गालगुंडाची लस नसते, आणि कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकातच नाही. तिकडे एमएमआर आणि कांजिण्या या दोन्हींचे दोन-दोन डोस लागतात आणि मध्ये अंतर ठेवावे लागते. कार्डावरच्या ‘पेंटा’ या शब्दात त्रिगुणी आणि कावीळ ब दोन्ही येतात, हेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने पटवून द्यावे लागले.

सप्टेंबरात नातीची इंग्रजीची चाचणी झाली आणि ती ‘इंग्रजी शिकणारी’ ठरल्याचे पत्र घरी आले. पत्र इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी भाषांत छापलेले होते. एखाद्या शाळेत पंधरा टक्के मुलांची घरची भाषा एकच असेल, तर पालकांना पाठवायची पत्रे त्या भाषेतही द्यावीत असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे, हे लेकीने सांगितले तेव्हा मी तिला तो आकडा पुन्हा उच्चारायला लावला. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्के असलेल्या भागात सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, ही तरतूद आपल्याकडे 1961 पासून कागदावर आहे, आणि ती अमलात यावी म्हणून दिलेल्या निवेदनांवर मी स्वतः किती सह्या केल्या ते आता मोजता येणार नाही. लेकीला मी त्या पत्राचा फोटो पाठवायला सांगितला आहे, तिन्ही भाषा दिसतील असा.